पूर्ववत

काही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांच्या पोटात दडलेला प्रश्न आपल्या ध्यानातही येत नाही. 'पूर्ववत' हा असाच एक शब्द आहे. वादळात आडवे झालेले विजेचे खांब उभे राहिले की पुरवठा पूर्ववत झाला, असे आपण म्हणतो. अंथरुणाला खिळलेला माणूस हिंडूफिरू लागला की त्याची प्रकृती पूर्ववत झाली. दोन घरांमधला अबोला सुटला की संबंध पूर्ववत झाले. म्हणजे पूर्वी जसे होते तसेच. मध्यंतरी जे घडले ते जणू घडलेच नाही. खरोखर असे होते काय? आणि होत असेल, तर ते व्हावे काय? या प्रश्नाशी माझी गाठ एका जुन्या मोटारसायकलीमुळे पडली. ती हकीकत सांगितल्यावाचून प्रश्नही नीट मांडता येणार नाही, म्हणून प्रथम हकीकत.

वसईतल्या आमच्या वाडीत, रिकाम्या गोठ्यात, गोणपाटाखाली, बाबांची जावा मोटारसायकल तीसएक वर्षे उभी होती. बनावट १९६८ ची, म्हैसूरच्या कारखान्यातली. जावाचे मूळ घर प्राग. तेथे १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून आपल्या गाडीला नाव दिले. चेक भाषेत त्याचा उच्चार 'यावा' असा होतो. आपल्याकडे येईतो तो 'जावा' झाला. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे त्याच घराण्यातली येझदी आली, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, मरून रंगाची टाकी आणि तिच्यावर सोनेरी रेघ. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना तिचा आवाज लांबूनही ओळखू येई. तिची एक गंमत अशी, की डाव्या पायाशी असलेली एकच दांडी दोन कामे करते. आत दाबून वर फिरवली की ती किक होते, आणि गाडी सुरू झाल्यावर परत आपल्या जागी आली की तीच गिअर होते.

बाबांनी ती १९७२ साली दुसऱ्याच्या हातची घेतली, ती हौसेसाठी नव्हे. पहाटे चारला मागच्या सीटवर मोगऱ्याच्या आणि भाजीच्या पाट्या दोराने आवळून ते वसई रोड स्टेशन गाठीत. तेथून आई त्या पाट्या घेऊन लोकलने दादरला जाई. आम्हा दोघा भावांची शिक्षणे या गाडीच्या पाठीवर झाली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. घरात तिला जो मान होता तो कमावत्या माणसाचा होता. तिची किल्ली ओटीवरच्या एका खिळ्याला टांगलेली असे, आणि त्या खिळ्याकडे हात नेण्यापूर्वी विचारावे लागे.

१९८१ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी सतरा वर्षांचा होतो, दादा बावीसचा. शनिवारी संध्याकाळी गाडी न्यायची परवानगी दादाला होती, मला नव्हती. एका रविवारी रात्री बाबा शेजारच्या गावी मयताला गेले असता मी खिळ्यावरची किल्ली गुपचूप उचलली. बावखलाच्या वळणावर चिखलात चाक घसरले आणि टाकी कठड्याच्या दगडावर आपटली. मला फारसे लागले नाही. गाडी धुऊनपुसून मी जागेवर लावली; पण टाकीवर, गुडघ्याच्या रबराच्या वरच्या बाजूस, मूठभर पोचा राहिला तो राहिलाच.

सोमवारी पहाटे पाट्या बांधताना कंदिलाच्या उजेडात बाबांनी तो पाहिला. त्यांनी दादाला हाक मारली. मी ओटीवर अंथरुणात जागा होतो, डोळे मिटून पडलो होतो. पापण्यांच्या फटीतून मला दिसले, की दादाने टाकीवरून हात फिरवला आणि मान खाली घातली. बाबा ओरडले नाहीत. "ज्याला वस्तू जपता येत नाही, त्याने ती मागू नये," एवढेच म्हणाले आणि किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. दादा काही बोलला नाही. मीही डोळे उघडले नाहीत. त्या दिवसानंतर दादाने गाडीला हात लावला नाही. नोकरी लागल्यावरही तो कित्येक वर्षे सायकलनेच स्टेशनवर जात असे. १९९४ साली बाबा वारले. त्यांना खरे काय ते कधीच कळले नाही.

दादा का गप्प राहिला? माझ्यासाठी, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. त्याने ओळखले असणार, आणि धाकट्या भावाला वाचवण्यासाठी त्याने मान खाली घातली असणार. हे उत्तर मला सोयीचे होते. त्यात माझा अपराध होता खरा, पण त्याच्यावर दादाच्या थोरपणाची शाल पांघरलेली होती. मी त्याचा मनोमन ऋणी होतो. ऋण मनोमन मानणे आणि ते फेडणे यांत किती अंतर असते, हे मला कळत नव्हते असे नाही. कळून घ्यायचे नव्हते.

२०२२ साली मी शाळेतून निवृत्त झालो आणि ती गाडी पुन्हा चालती करावी असे मनाने घेतले. आमच्या भागात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे काम जाणणारा एक वृद्ध मिस्त्री आहे. त्याने गोणपाट दूर केले, किक दाबून पाहिली आणि मान हलवली. पिस्टन गंजून सिलिंडरमध्ये घट्ट चिकटला होता. डिझेल ओतून आठवडाभर ठेवले तेव्हा कुठे तो सुटला. मग लेथवर बोअरिंग झाले, नवा पिस्टन आला, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे, नवी वायरिंग आली. रिमांना नवे क्रोम झाले, नवे स्पोक ओवले गेले, नवे टायर चढले. काम सव्वा वर्ष चालले होते. काढलेल्या जुन्या भागांची एक गोणी भरली. ती गोणी पाहून माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला. एवढे सारे बदलल्यावर ही बाबांची गाडी राहिली काय?

प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात सांगितले आहे, की अथेन्सच्या लोकांनी त्या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज पिढ्यान् पिढ्या जपले. एखादी फळी कुजली की ती काढून ते तेथे नवी बसवीत. पुढे तत्त्वज्ञांमध्ये वाद सुरू झाला, की हे जहाज तेच की दुसरे? सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने त्या वादात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर दोहोंतले खरे कोणते? आमच्या गोठ्यातली गोणी म्हणजे हॉब्जचाच प्रश्न होता. उलट, जपानमधील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने मुळाबरहुकूम पुन्हा बांधतात. तेथल्या लोकांना ते प्राचीनच वाटते, कारण त्यांच्या लेखी प्राचीनता बांधणीच्या रीतीत असते, लाकडात नव्हे.

सरकारला असा वाद घालत बसणे परवडत नाही. त्याला नोंदवहीत काहीतरी लिहावे लागते. २०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, जिच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, अशी गाडी त्या वर्गात बसते. पण त्या वर्गात नोंद झाली की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मी तिकडे गेलो नाही. जुनीच नोंदणी रीतसर पुढे चालू करून घेतली, कारण मला ती गाडी दाखवायची नव्हती, चालवायची होती. तरीही त्या नियमांमधले 'मूळ स्वरूप' हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. मूळ म्हणजे केव्हाचे? कारखान्यातून निघाली त्या दिवसाचे, की बाबांनी घेतली त्या दिवसाचे? की १९८१ च्या त्या रविवारच्या आदल्या दिवसाचे?

हे शब्द मनात घर करून राहण्याचे कारण तो पोचा होता. सांगाडा, इंजिन, चाके यांचे काम उरकल्यावर मिस्त्रीने टाकी हातात घेतली आणि सहज विचारले, "सर, हा पोचा काढायचा ना? टाकी खालून कापून आतून ठोकता येईल. नाहीतर वरून पुट्टी भरतो, कोणाला कळायचंही नाही." कोणाला कळायचेही नाही! त्या भल्या माणसाच्या मनात काही नव्हते, पण मी तेथे चोरासारखा उभा राहिलो. मी एवढा खर्च आणि एवढी खटपट कशासाठी करीत होतो, हे तेव्हा मला प्रथमच दिसले. मला गाडी पूर्ववत हवी होती, आणि माझ्या दृष्टीने 'पूर्व' म्हणजे माझ्या लबाडीच्या पूर्वी. त्या पहाटेची साक्ष देणारी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती पुसून टाकण्याचे पैसे मी मिस्त्रीला देणार होतो.

"टाकीला नुसता प्रायमर मारून ठेवा," मी म्हणालो. "रंगाचं नंतर बघू."

त्यानंतर काही आठवडे मी या प्रश्नाभोवती घिरट्या घालीत होतो. ज्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनाचा विचार केला आहे, त्यांना हा प्रश्न चांगला परिचित आहे. रस्किनने १८४९ सालीच सांगून ठेवले, की जीर्णोद्धार म्हणून जे केले जाते तो बहुधा वास्तूचा नाशच असतो, आणि वर आपण ती वास्तू तीच आहे असे खोटे सांगतो. पुढे १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी एक सनद तयार केली आणि मधली वाट दाखवली. जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवून ती लोकांना पाहावयास मिळावी. आपल्या वसईच्या किल्ल्यातले चर्चचे भग्न अवशेष पाहताना माझ्या मनात नेहमी येई, की यांच्यावर पुन्हा छप्पर का चढवीत नाहीत? सनद वाचल्यावर त्याचे एक उत्तर मिळाले. छप्पर कसे होते हे अंदाजाने ठरवावे लागेल, आणि मग उद्याचा माणूस त्या अंदाजालाच इतिहास समजेल. सनदेच्या साऱ्या कलमांमागचे सूत्र मला एकच दिसते. दुरुस्ती करा, पण दुरुस्तीने खोटे बोलू नका.

मग पोचा तसाच ठेवावा, हे उघड होते. नवा रंग द्यावा आणि त्याच्याखाली तो खळगा तसाच राहू द्यावा. या विचाराने मला बरे वाटले. किंबहुना जरा जास्तच बरे वाटले, आणि तेथेच मला शंका आली. जो पोचा मी एकट्यानेच ओळखायचा, ज्याचा अर्थ मला एकट्यालाच ठाऊक, त्याला साक्ष कसे म्हणावे? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी गाडीचे कौतुक करावे, मी टाकीवरून हात फिरवावा आणि आपल्या पश्चात्तापाची मनातल्या मनात चव घ्यावी. अपराध लपवण्याचा हा थोडा अधिक सुसंस्कृत प्रकार झाला. पुट्टी भरणारा जगाला फसवतो, पोचा मिरवणारा स्वतःला. आणि या साऱ्या चिंतनात एका माणसाला मी अजून काहीच विचारले नव्हते. त्या पोच्याची किंमत ज्याने मोजली होती, त्याला. पोचा ठेवावा की काढावा, हे ठरवण्याचा अधिकार मुळात माझा नव्हताच.

म्हणून ठरवले, की गाडीची पहिली फेरी दादाच्या घरापर्यंत.

२०२४ च्या जानेवारीतली सकाळ होती. टाकी राखाडी प्रायमरची, पोच्यासकट. मिस्त्रीने पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिलीलिटर या प्रमाणात तेल घातले आणि मला पुन्हा पुन्हा बजावले. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. मूठ पूर्ण पिळायची नाही. दर चार-पाच किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ द्यायचे. नव्या पिस्टनच्या गाडीला हे पथ्य का, तेही त्याने सांगितले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. दोघांचे पृष्ठभाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात. घाई केली, की पिस्टन फुगून सिलिंडरला पकडतो आणि धावती गाडी जागच्या जागी अडकते. "दोघांना एकमेकांची ओळख होऊ द्या, सर," तो म्हणाला.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज आणि जळत्या तेलाचा तो वास तीस वर्षांनी अंगावर आला तेव्हा क्षणभर मला बाबांच्या पाठीशी बसल्यासारखे वाटले. दांडी खाली आली, गिअर पडला आणि गाडी वाडीबाहेर निघाली. बावखलाच्या वळणावर आता काँक्रीटचा रस्ता आहे. तरी तेथे माझे हात ताठ झाले. पापडीपर्यंत पोचलो आणि ठरल्याप्रमाणे थांबलो. दोघेतिघे भोवती जमले, एकाने फोनवर छायाचित्र काढले, दुसऱ्याने रंग कधी देणार म्हणून विचारले. इंजिन गार होईपर्यंत उभे राहण्याची ती दहा-पंधरा मिनिटे मला फार जड गेली. गाडी अगदी निर्दोष चालली होती. ती कुरकुरली असती, तर तेथून परत फिरायला मला सबब मिळाली असती.

दादाचे घर किल्ल्याच्या वाटेवर आहे. तो ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसला होता. आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला. गाडी अंगणात येऊन थांबेपर्यंत त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून दोनदा पुसला. "रंग राहिला वाटतं," तो म्हणाला.

"मुद्दाम ठेवला. तुला एक विचारायचं आहे. त्याआधी एक सांगायचं आहे."

चाळीसहून अधिक वर्षे जे बोलणे मनात लांबत गेले होते, ते तोंडातून निघताना अगदी लहान निघाले. "दादा, हा पोचा मी पाडला होता."

"मला माहीत होतं," असे तो म्हणेल याची मी वाट पाहत होतो. तसे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "तू?" मग बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितले, "त्या शनिवारी मी गाडी नेली होती ना. स्टेशनबाहेर स्टँडला लावली होती, ती कलंडली. दोघातिघांनी उचलून दिली. अंधार होता, मी नीट पाहिलंही नाही. सोमवारी बाबांनी दाखवलं तेव्हा वाटलं, तेव्हाच पडला असणार." आणि थोड्या वेळाने, टाकीकडे बघत, "बाबांच्या शेवटच्या आजारात मी त्यांची माफी मागितली होती, ठाऊक आहे तुला? या टाकीबद्दल. ते म्हणाले, विसर आता."

एवढे बोलून तो घरात गेला. वहिनींनी चहा आणून दिला. दादा पुन्हा बाहेर आला नाही. अर्ध्या तासाने मी गाडी काढली आणि चाळीसच्या आतच, वाटेत थांबत, घरी आलो.

त्या परतीच्या वाटेवर मला जे कळले ते कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. मी समजत होतो, की माझे खोटे त्या पहाटे जेथे पडले तेथेच पडून आहे. गोणपाटाखालच्या गाडीसारखे, कोणाला त्रास न देता. प्रत्यक्षात ते दादाच्या आत जाऊन बसले होते. जी चूक त्याने केली नव्हती ती त्याने आपली मानली. तिच्यापायी त्याने गाडी सोडली आणि तिच्यासाठी मरणाऱ्या बापापुढे हात जोडले. थोरपणाची जी शाल मी त्याच्या अंगावर घालून ठेवली होती, ती माझ्याच उबेसाठी होती. तो माझ्या अपराधाचे ओझे जाणूनबुजून वाहत नव्हता; ते ओझे माझे आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. आपण न बोलता ठेवलेली गोष्ट नाहीशी होत नाही. कोणीतरी तिचे व्याज भरीत असतो, आणि पुष्कळदा तो कशाचे व्याज भरतो आहे हे त्यालाही कळत नाही.

मग 'पूर्ववत' या शब्दाचे काय करायचे? दादाची ती वर्षे मी परत देऊ शकत नाही. बाबांच्या खाटेपाशी त्याने मागितलेली माफी मागे घेता येत नाही. वस्तूंचेही तसेच आहे. सिलिंडरचे बोअरिंग केले की तो गुळगुळीत होतो, पण त्याची भिंत तेवढी पातळ होते आणि पुढचा पिस्टन आधीच्यापेक्षा मोठा लागतो. असे मोजक्याच वेळा करता येते. प्रत्येक दुरुस्ती वस्तूचा थोडा अंश खर्ची घालते, मग माणसांची गोष्टच सोडा. म्हणून दुरुस्तीचे ध्येय 'पूर्वी होते तसे' हे असू नये, असे मला वाटते. वस्तू किंवा नाते पुन्हा चालते व्हावे, भार सोसणारे व्हावे आणि त्याने आपल्या इतिहासाविषयी खोटे सांगू नये, एवढे पुरे आहे. आणि हे एवढेसुद्धा एका दिवसात होत नाही. खरे बोलून टाकले की मन हलके होते, असे आपण म्हणतो. बोलणाऱ्याचे होतही असेल. ऐकणाऱ्यावर त्याच क्षणी नवा भार पडतो, आणि त्याला सरावायला वेळ लागतो. त्या काळात समोरच्याने लगेच हसून जवळ घ्यावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे नव्या पिस्टनच्या गाडीची मूठ पिळणे आहे.

अकराव्या दिवशी दादाचा फोन आला. "तो पोचा काढून टाक," तो म्हणाला.

"ठेवावा असं मला वाटत होतं," मी म्हणालो.

"तुला वाटतं. मला तो बघायचा नाही."

माझ्या साऱ्या विचारांच्या विरुद्ध होते ते. रस्किन, व्हेनिसची सनद, दुरुस्तीने खोटे बोलू नये हे माझे सूत्र, सारेच त्या दोन वाक्यांपुढे बाजूला ठेवावे लागले. पण ज्याचा अधिकार होता त्याने निर्णय दिला होता, आणि पाळायचा होता तो त्याचा निर्णय, माझा सिद्धांत नव्हे. मिस्त्रीने टाकी खालून कापून पोचा आतून ठोकला, सांधा पुन्हा जोडला, आणि मग मरून रंग व सोनेरी रेघ दिली. पुट्टी मात्र मी भरू दिली नाही. आज तेथे हात फिरवला तर काहीच लागत नाही.

सनदेतला नोंद ठेवण्याचा नियम मात्र मला पाळता येण्यासारखा होता. वस्तूवरची खूण काढावी लागली, तर ती काढली आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे आणि लोकांना वाचता यावे. ही ती नोंद आहे. छापायला देण्यापूर्वी मी ती दादाला वाचून दाखवली. त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. कंदील ओटीवर नव्हता, बाबांच्या हातात होता. आणि ते 'मागू नये' म्हणाले नव्हते, 'मागू नकोस' म्हणाले होते. पहिली दुरुस्ती मी केली. दुसरी त्याच्या सांगण्यावरून येथे लिहिली आहे. वरचे वाक्य मी ऐकले तसेच ठेवले आहे.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला होता. निघताना गोठ्यापाशी थांबला आणि त्याने हात पुढे केला. मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. पहिल्या दोन किका वाया गेल्या, तिसरीला गाडी सुरू झाली. तो सावकाश बावखलाच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. काही न बोलता त्याने किल्ली मला दिली. मी मीटर पाहिला. पाचशे किलोमीटर व्हायला अजून शंभरावर बाकी आहेत.